कुणाची आई

ब्रॅडफर्ड,
शनिवार सकाळ

प्रिय मिहीरच्या आई,

हा मायना वाचून तू पाकीट उलटून बघशील, पत्र नक्की माझंच ना म्हणून. माझंच आहे. गेली काही वर्षं मी तुला 'हाय निवेदिता' असं लिहीत आले, तेही फोनवर, दोन ओळी आणि एक हसरा चेहरा. मला कागदावर लिहायला बसलेली बघून पुष्करने विचारलं, राजीनामा देतेयस की काय? त्याला म्हटलं, मैत्रिणीला पत्र लिहितेय, तू आपला गवत कापायला जा. दुपारनंतर पाऊस सांगितलाय, त्यामुळे आमच्या गल्लीतले सगळे नवरे सकाळपासून गवतच कापताहेत. पाठीमागे ती घरघर चालू आहे असं धरूनच वाच.

तुझ्याकडे काय नवीन हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तू सांगत नाहीस. मेडनहेडच्या ट्रेन पुन्हा रद्द झाल्या, कौन्सिलने कचऱ्याचे डबे बदलले, संजयची पाठ दुखतेय, हे सगळं मला माहीत असतं. तुझ्या घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणसाबद्दल मात्र तू चकार शब्द काढत नाहीस. मागच्या महिन्यात आपण व्हिडिओ कॉलवर होतो तेव्हा मागून एक घोगरा आवाज आला, 'आई, माय चार्जर?' आणि तू पटकन उठून दार लावून आलीस. मला वाटलं संजय आहे. मग लक्षात आलं की संजय तुला आई कशाला म्हणेल! अगं, मिहीरचा आवाज फुटला, आणि मला ते दाराआडून कळावं? ते असो. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी माझ्याकडची गोष्ट सांगते.

माझ्या कामाबद्दल मी तुला फारसं सांगत नाही, आणि सांगायची मुभाही नसते. आज सांगणार आहे ते जिची गोष्ट आहे तिला विचारून. यातली नावं मी बदलली आहेत, एक सोडून. ते का सोडलं ते पुढे येईलच.

इथे ब्रॅडफर्डमध्ये बरीच रोहिंग्या कुटुंबं आहेत. ब्रह्मदेशातून हाकलली गेलेली, बांगलादेशातल्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं काढलेली, आणि तिथून इथल्या चढाच्या रस्त्यांवर आणून वसवलेली. आमची संस्था त्यांच्यातल्या बायकांसाठी दर बुधवारी एक गट चालवते. अहवालात त्याचं नाव ओळभर लांब आहे, त्यात 'वेलबीइंग' दोनदा येतं. बायका त्याला नुसतं 'बुधवार' म्हणतात. तू बुधवारला येणार का, असं एकमेकींना विचारतात. मला ते नाव फार आवडतं. एक कम्युनिटी सेंटर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शिवणकामाचं सामान, चहाचं पाणी उकळायचं मोठं विजेचं भांडं, आणि टिश्यूंची खोकी. ती आम्ही समुपदेशक मंडळी ठेवतो. बायका त्या टिश्यूंनी पानाचे ओठ पुसतात.

यातली एकही बाई मला डिप्रेशन आहे असं म्हणत नाही. कुणाचं डोकं जळतं, कुणाच्या अंगातून कळा येतात, कुणाच्या छातीवर कुणीतरी बसून राहतं. आणि सगळ्यांना मिळून जे होतं त्याला त्या अशांती म्हणतात. हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमची दुभाषी रुबीना तोंड उघडायच्या आत मला कळला, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण शब्द कळला म्हणून बाई कळली असं थोडंच असतं?

गुलबहार माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. बारीक अंगाची, हिरवी शाल, आणि पानाची डबी सतत मांडीवर. तिची मुलगी तस्लिमा तिला गाडीने आणून सोडायची आणि दारातच मला बाजूला घेऊन सांगायची, काल पण नाही जेवली. तिच्या डॉक्टरांनी रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. पण बाई डोळ्यांदेखत झिजत होती. शिवलेले कपडे अंगावर लोंबायला लागले. हे असंच चाललं तर हॉस्पिटलमध्ये घालावं लागेल, असं डॉक्टरांनी तस्लिमाला सांगून टाकलं होतं. गटात ती यायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची आणि कशीयेस विचारलं की मान डोलवायची, संपलं. खरं सांगू? मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. एका बुधवारी ती येणार नाही, आणि का आली नाही ते मला कुणाच्या तरी ईमेलमधून कळेल. मंगळवारी रात्री मला झोप लागायची नाही.

आता आमचा शहाणपणा ऐक. गट सुरू झाला तेव्हाच आम्ही एक पद्धत पाडली होती. आत आलं की प्रत्येकीने छातीवर आपल्या नावाचा स्टिकर लावायचा. इथे तुम्ही कुणाची बायको नाही, कुणाची सून नाही, कुणाची आई नाही, इथे तुम्ही फक्त तुम्ही. हे वाक्य मीच म्हणायचे, आणि काय ठसक्यात म्हणायचे! आपण कॉलेजमध्ये बाईच्या स्वतंत्र ओळखीवर टाळ्या घेतल्यात, त्या सगळ्या मी इथे वसूल करत होते. शिवाय मला ते स्टिकर सोयीचे होते. या गावात मी फक्त ऋजुता. पुढचं कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही, कारण समुपदेशकाने स्वतःबद्दल बोलायचं नसतं. नियम माझ्या पथ्यावरच पडला होता.

गुलबहारचा स्टिकर कधी टिकायचा नाही. लावायची, आणि थोड्या वेळाने तो खुर्चीच्या खालच्या बाजूला चिकटलेला असायचा. खुर्च्या रचताना आम्हाला दिसायचा. आम्ही मीटिंगमध्ये त्यावर चर्चा केली. आत्मसन्मान कमी आहे, असं ठरलं.

मग मार्चमध्ये एक नवी बाई आली. तिला मी सोकिना म्हणते. ग्लासगोला मुलाकडे राहत होती, ती आता इकडे मुलीकडे आली. गोल चेहरा, मोठा आवाज, आल्याआल्या चहाच्या टेबलाचा ताबा. ही छावणीत गुलबहारच्या शेजारच्या झोपडीत होती, आणि मधल्या वर्षांत दोघींची भेट नव्हती, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी भांड्यातलं पाणी उकळून उतू जायला लागलं, सोकिनाचे दोन्ही हात कपांनी भरलेले, आणि तिने कोपऱ्याकडे बघून खणखणीत हाक मारली, 'ओ इलियासर मा!' इलियासची आई!

रुबीनाचा हात तोंडावर गेला. एका बाईने सोकिनाची बाही ओढली. तस्लिमा आईला न्यायला लवकर आली होती, ती दारातच थिजली. काय झालं ते मला कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं, आणि मी काय केलं असेल? टिश्यूंचं खोकं घेऊन धावले! अजून आठवून हसू येतं. मी अर्ध्या वाटेवर असताना गुलबहारने ओ दिली. साधी, रोजची ओ, स्वयंपाकघरातून देतात तशी. उठली, टेबलापाशी गेली, शालीचं टोक हातावर गुंडाळून भांड्याचं बटण बंद केलं. आणि मग सोकिनाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी त्या खोलीत पुष्कळ रडणं ऐकलंय, पण इतकं मोकळं नाही.

इलियास तिचा थोरला. छावणीतून एक दिवस मलेशियाला जाणाऱ्या बोटीत बसला, आणि त्यानंतर ना त्याचा फोन ना निरोप. त्यांच्याकडे आईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, तशी ती इलियासर मा होती. तो गेल्यावर आजूबाजूच्यांनी आपापसांत ठरवलं की तिच्यासमोर ते नाव काढायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना तिची दया आली होती, एवढंच. हळूहळू ती तस्लिमार मा झाली. इथे आल्यावर नव्या लोकांना वाटलं तस्लिमाच थोरली. आणि उरलंसुरलं आम्ही पुरं केलं, छातीवर गुलबहार लिहून. तिने नंतर रुबीनाला सांगितलं, आणि रुबीनाने तिच्या ब्रॅडफर्डी इंग्रजीत मला सांगितलं, की तो जिवंत आहे की नाही हे अल्लाला माहीत, पण मी त्याची आई आहे हे तर मला माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून तेसुद्धा काढून घेतलंत.

त्या दिवशी तिने दुपारपर्यंत इलियास सांगितला. तो फणसाच्या आठळ्या भाजून खायचा. बहिणीची वेणी ओढायचा. लहानपणी पाण्याला इतका घाबरायचा की आंघोळीला धरून आणावं लागायचं, आणि तोच पोरगा बोटीत चढला. आणि मग म्हणाली, पण गायचा छान. सोकिना मधेमधे दुरुस्त्या करत होती, कसला छान, शेजारी आम्ही झोपायचो कधी? आणि दोघी हसल्या. निवेदिता, गुलबहारला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग ती माझ्याकडे वळली. सहज, गप्पांत विचारतात तसं विचारलं. तू कुणाची आई?

आमच्या शिक्षणात या प्रश्नाला तयार उत्तर आहे. आज आपण तुमच्याबद्दल बोलूया का, असं हसून म्हणायचं. रुबीना माझ्याकडे बघत होती, तिला ते उत्तर पाठ आहे, तिने भाषांतराची तयारीही केली असणार. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, तनूची. माझी मुलगी. नऊ वर्षांची होती, ताप मेंदूत गेला, आठवड्याभरात गेली. तेव्हा आम्ही ब्रिस्टलला होतो. हे मी या गावात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पुष्कर आणि मी तर घरातही तिचं नाव घ्यायचं टाळायचो, तो माझ्यासाठी आणि मी त्याच्यासाठी. गुलबहारने माझा हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. तिने विचारलं, काय खायची?

मी सांगितलं. पिझ्झ्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खायची, आणि तसं करून देणारी एक मावशीही तिला मिळाली होती. ती मावशी तू.

घरी परतताना बसमध्ये मी रडत होते आणि मला भयंकर भूक लागली होती, दोन्ही एकदम. पुढच्या सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांपुढे आपलं काम मांडायच्या बैठकीला, मी आरोपीसारखी गेले. माझी सुपरवायझर कडक बाई आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, पुढे काय काळजी घ्यायची ते चार शब्दांत सांगितलं, आणि मग विचारलं, ऋजुता, तू स्वतःसाठी कुणाकडे जातेस? मी म्हटलं, कुणाकडे नाही. आता जाते, दर सोमवारी. एका म्हाताऱ्या आयरिश बाईकडे. तिच्याकडेही टिश्यूंचं खोकं आहे, आणि आता ते कशासाठी असतं ते मला कळलंय.

बुधवारचे स्टिकर आम्ही पूर्ण बंद केले नाहीत. आता प्रत्येकीने ठरवायचं की तिला कशी हाक मारायची. बहुतेकींनी मुलांची नावं सांगितली. एकीने न झालेल्या बाळाचं सांगितलं, आम्ही तेही लिहिलं. आणि एक तरुण पोरगी म्हणाली, मला बाई माझंच नाव राहू दे, घरी सासूबाई दिवसभर 'अमक्याची बायको' म्हणूनच हाका मारतात! सगळ्या हसल्या. तिचा स्टिकर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो.

गुलबहार जेवते. पोटभर नाही, पण जेवते. अशांती गेली का, असं मी विचारलं तर माझ्याकडे अशी बघते की जणू मी ट्रेन वेळेवर आहे का विचारलं. पण तस्लिमा परवा सांगत होती, आईने मला फार दिवसांनी रागावलं, भाताला पाणी जास्त घातलं म्हणून. सांगताना तिचे डोळे भरलेले आणि चेहरा हसरा. इतका हलकेपणा मला या कामात यापूर्वी वाटला नव्हता. मंगळवारी आता मी गाढ झोपते.

हे तुला लिहायचं ठरवलं तेव्हा मी गुलबहारला विचारलं, तुझी गोष्ट माझ्या मैत्रिणीला सांगू का, सगळ्यांची नावं बदलून? ती म्हणाली, सांग की. माझं बदल, तस्लिमाचं बदल. त्याचं बदलू नकोस. त्याचं नाव जितकी माणसं वाचतील तितकं बरं. तर ते एक नाव खरं आहे.

आणि आता त्या बायका मला काय म्हणतात माहितेय? तनुर मा. चहाच्या टेबलावरून, भर खोलीत, मोठ्याने. तनुर मा, साखर कुठे ठेवलीस? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, आणखी कुणाला हाक मारली की काय म्हणून. आता मी ओ देते.

तुला आठवतं, ब्रिस्टलला शाळेच्या फाटकाशी मी 'आधी मोजे वर ओढ!' म्हणून तनूवर मराठीत ओरडले आणि तू गर्रकन वळलीस, कारण तुझ्या चिरंजीवांच्या पायांत तर मोजेच नव्हते? त्यानंतर वर्षभर आपण एकमेकींना मिहीरची आई आणि तनूची आई म्हणत होतो. फोनमध्येही तसंच. तुझं नाव निवेदिता आहे हे मला शाळेच्या सहलीला कळलं, टीचरने 'निव्ही-डीटा' पुकारलं आणि तू हात वर केलास तेव्हा. हसून हसून आपली पुरेवाट झाली होती. तनू गेल्यावर तुझा जो पहिला मेसेज आला त्यात तू मला ऋजुता लिहिलंस. त्या एका शब्दासाठी तू किती वेळ फोन हातात धरून बसली असशील ते मला कळतं गं. मला दुखू नये म्हणून तू माझ्यापुढे मिहीरला दाराआड ठेवतेस, त्याचा वाढदिवस लपवतेस, स्वतःच्या मुलाचं कौतुक गिळतेस. एवढी माया दुसरं कोण करतं? मला त्याचा राग कधीच आला नाही. फक्त त्या दारापलीकडे मिहीरच्या जोडीने तनूही राहिली. तिला घसरगुंडीवरून ढकलणारा, तिचं बोबडं बोलणं आम्हाला समजावून सांगणारा तो एकटाच उरलाय.

तर आता, पत्र का लिहिलं ते. पुढच्या गुरुवारी तनूचा वाढदिवस, आणि दोन दिवसांनी मिहीरचा. दोघं तेरा. शनिवारी तुम्ही तिघं इकडे या. पूर्वी आपण एकच पार्टी करायचो तशीच करू. मी केक सांगितला आहे, त्यावर दोन्ही नावं आहेत. पुष्करला आधी विचारलं, तर तो गॅरेजमधून फुगे फुगवायचा पंप शोधून घेऊन आला. मिहीरला मुद्दाम आण. मला त्याची उंची बघायची आहे, तो फुटलेला आवाज ऐकायचा आहे, आणि त्याला तनूचं काय काय आठवतं ते सगळं विचारायचं आहे. मी रडले तर रडू दे, तू दार लावायला उठू नकोस. शेंगदाण्याची चटणी मात्र तुझ्याकडची आण, माझी तशी होत नाही. आणि आलात की बेल वाजवू नकोस, ती तशीही बिघडली आहे. फाटकातूनच मोठ्याने हाक मार, शेजारी बघेनात का. मी ओ द्यायला दारातच उभी असेन.

तुझीच,
तनूची आई